अंतर्गत संवाद: निरोप जातो, उत्तर येत नाही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्थेत सुमारे सहाशे कर्मचारी आहेत; त्यांतील निम्म्याहून अधिक उत्पादन आणि पाठवणी विभागांत पाळ्यांमध्ये काम करतात, बाकीचे कार्यालयातून किंवा घरून. दरमहा वार्तापत्र निघते, दर तिमाहीला टाउन हॉल, म्हणजे सर्व कर्मचाऱ्यांची वरिष्ठांबरोबरची सभा, होतो आणि गेल्या वर्षी मोबाइल ॲपही आणले. तरीही वार्षिक सर्वेक्षणात ‘मला वेळेवर माहिती मिळते’ आणि ‘माझ्या मताला येथे किंमत आहे’ या दोन विधानांचे गुण घसरले, शिवाय सर्वेक्षण भरणाऱ्यांची संख्याही कमी झाली. अशा वेळी आणखी कोणते माध्यम आणावे, असे आपण विचारले आहे.

आणखी एकही माध्यम आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मनुष्यबळ विभागात आणि पुढे सल्लागार म्हणून काम करताना मी ज्या संस्था जवळून पाहिल्या, त्यांपैकी फार थोड्या ठिकाणी निरोप कमी जात होते. बहुतेक ठिकाणी ते गरजेपेक्षा जास्तच जात होते. अडत होते ते परतीच्या वाटेवर. कर्मचाऱ्याने काही विचारले, सुचवले किंवा तक्रार केली, तर त्याचे पुढे काय झाले हे त्याला कळण्याची सोय नव्हती. आपल्या दोन विधानांपैकी माहितीचे विधान मूळ आणि मताच्या किमतीचे विधान त्याचा परिणाम, असा अर्थ साधारणपणे लावला जातो. मी तो उलट लावतो. आपल्या बोलण्याने काहीही बदलत नाही हे ज्याला पुरते कळून चुकले आहे, तो हळूहळू ऐकणेही सोडून देतो. मग वार्तापत्र कितीही देखणे काढले तरी त्याच्यासाठी ते ‘नळी फुंकिली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे’ असेच ठरते. सर्वेक्षण भरणाऱ्यांची घटलेली संख्या हीदेखील एक प्रतिक्रिया आहे, आणि माझ्या मते आपल्याकडील सर्वांत प्रामाणिक प्रतिक्रिया तीच आहे.

उपायांकडे वळण्यापूर्वी एंगेजमेंट, म्हणजे कर्मचाऱ्याचे कामात मन असणे, या शब्दाविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे, कारण त्याचा अर्थ सहल, वाढदिवसाचा केक आणि रांगोळी स्पर्धा इतका आक्रसला आहे. व्यवस्थापनशास्त्रात ही संकल्पना विल्यम कान यांच्या १९९० सालच्या शोधनिबंधामुळे रुजली. त्यांनी एका उन्हाळी शिबिरातील प्रशिक्षकांचे आणि एका वास्तुरचना संस्थेतील कर्मचाऱ्यांचे निरीक्षण केले आणि माणूस कामात स्वतःला केव्हा ओततो व केव्हा आखडून घेतो, हे तपासले. त्यांना तीन गोष्टी निर्णायक आढळल्या: या कामाला काही अर्थ आहे असे वाटणे, मन मोकळे केल्याने आपले नुकसान होणार नाही ही खात्री, आणि त्या कामासाठी शरीरात व मनात पुरेशी शक्ती शिल्लक असणे. यांच्या अभावी जे घडते त्याला मराठीत फार नेमका शब्दप्रयोग आहे, पाट्या टाकणे. माणूस हजर असतो, काम होते, नियम मोडला जात नाही, पण त्याचे मन तेथे नसते. गॅलप या संस्थेच्या जागतिक पाहणीनुसार २०२४ साली कामात खऱ्या अर्थाने मन असलेल्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण २१ टक्के होते, आदल्या वर्षी ते २३ टक्के होते. म्हणजे आपली संस्था याबाबतीत एकटी नाही, एवढा दिलासा मी देऊ शकतो.

आता निरोप नेमका कोठे तुटतो ते पाहू. एका कारखान्यात सकाळची पाळी सातऐवजी साडेसहाला सुरू करण्याचा निर्णय झाला होता. तो वार्तापत्रात छापला होता, ॲपवर आला होता, सूचनाफलकावरही लागला होता. पाळीपूर्वीच्या दहा मिनिटांच्या उभ्या बैठकीत सुपरवायझरने तो कागदावरून वाचून दाखवला. मागच्या रांगेतून एका ताईंनी विचारले, “मग बस किती वाजता सुटणार?” सुपरवायझर क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, “वरून आलंय. मलाही आत्ताच कळलंय.” बैठक संपली आणि सगळे आपापल्या यंत्रांकडे गेले. त्या दोन वाक्यांनी जे कळवले, ते तिन्ही माध्यमांना मिळून कळवता आले नव्हते: निर्णय घेणाऱ्यांनी बसचा विचार केलेला नाही, सुपरवायझरला कोणी विचारलेले नाही आणि येथे प्रश्न विचारून उपयोग नाही. गंमत अशी की, बसची वेळ खरोखरच बदलली होती; वाहतूक पाहणाऱ्यांनी तशी व्यवस्था चार दिवस आधीच करून ठेवली होती. ज्याला हा प्रश्न हमखास विचारला जाणार होता, नेमके त्यालाच ते कोणी सांगितले नव्हते.

कर्मचाऱ्याच्या दृष्टीने संस्था म्हणजे त्याचा थेट वरिष्ठ. वेगवेगळ्या संघांच्या एंगेजमेंटमध्ये जो फरक दिसतो त्यातील किमान ७० टक्के वाटा व्यवस्थापकाचा असतो, असा गॅलपचा अंदाज आहे. या आकड्यावर वाद घालता येईल, पण त्याची दिशा माझ्या अनुभवाशी जुळते. धोरण एकच, पगारश्रेणी एकच, कॅन्टीनही एकच, आणि तरीही भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन विभागांत गेलो की दोन वेगळ्या संस्थांत आल्यासारखे वाटते. असे असूनही अंतर्गत संवादाचा जवळजवळ सगळा खर्च आणि सगळी हौस मुख्यालयातून थेट सर्वांपर्यंत जाणाऱ्या माध्यमांवर होते, आणि सुपरवायझर, टीम लीड, शाखाप्रमुख या मधल्या फळीला बातमी बाकीच्यांबरोबरच, कधी तर त्यांच्यानंतर कळते. त्या माणसाची अशा वेळी किती पंचाईत होते, हे ज्याने कधी लाइनवर उभे राहून चाळीस जणांना तोंड दिले आहे त्यालाच ठाऊक.

म्हणून पहिला बदल येथे करावा. कर्मचाऱ्यांच्या वेळेवर, पैशावर, जागेवर किंवा वरिष्ठावर परिणाम करणारा कोणताही निर्णय सर्वांना कळवण्याच्या किमान एक दिवस आधी मधल्या फळीला समक्ष किंवा फोनवर सांगावा आणि सोबत एक पानाचा कागद द्यावा. त्यात निर्णय काय, तो का घेतला, कोणावर कसा परिणाम होईल, काय अजून ठरलेले नाही, आणि हमखास येणारे पाच प्रश्न उत्तरांसह असावेत. हे पाच प्रश्न मुख्यालयात बसून काढू नयेत. तीन सुपरवायझरांना बोलावून “हे सांगितल्यावर तुमची माणसे काय विचारतील?” एवढे विचारले की दहा मिनिटांत ते मिळतात, आणि बहुतेकदा त्यांतील एखाद्या प्रश्नाचे उत्तर निर्णय घेणाऱ्यांकडेही नसते, ही त्यातली खरी कमाई. वर सांगितलेल्या कारखान्यात या कागदाला पुढे ‘बसचा कागद’ हेच नाव पडले. नव्या निर्णयाची चर्चा संपता संपता कोणीतरी विचारायचे, “बसचा कागद कोण लिहितंय?”

मधल्या फळीच्या प्रशिक्षणाविषयीही एक सूचना. त्यांना सादरीकरणाच्या युक्त्या शिकवण्यावर खर्च करू नये. “मला माहीत नाही, उद्या पाळीआधी विचारून सांगतो” हे न लाजता म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी खरोखर सांगायचे, हे एक कौशल्य आले तरी पुष्कळ झाले. अर्थात त्यासाठी ज्याला विचारायचे त्याने फोन उचलला पाहिजे.

दुसरा बदल लिहिण्याच्या पद्धतीत हवा. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली एक साधा प्रयोग केला होता. काही जणांनी प्रसिद्ध गाण्यांचा ताल टेबलावर बोटाने वाजवायचा आणि समोरच्याने गाणे ओळखायचे. ऐकणारे निम्म्या वेळा तरी ओळखतील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ गाणी ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात संपूर्ण चाल चालू असते, ऐकणाऱ्याच्या कानावर नुसती टकटक पडते. संचालक मंडळाने एखाद्या निर्णयावर तीन महिने खल केलेला असतो, त्यातील पर्याय, भीती आणि आकडेमोड त्यांच्या डोक्यात घोळत असते, आणि कर्मचाऱ्याच्या हाती पडतो तो चार ओळींचा मजकूर. मग ‘एवढे स्पष्ट लिहूनही लोकांना कळत नाही’ अशी तक्रार होते.

नमुन्यादाखल एक परिपत्रक घेऊ: ‘व्यवसायाच्या बदलत्या गरजा लक्षात घेता कार्यक्षमता वृद्धीच्या दृष्टीने गोदाम व पाठवणी विभागांचे एकत्रीकरण करण्यात येत असून सर्व संबंधितांनी सहकार्य करावे.’ यात व्याकरणाची चूक एकही नाही आणि उपयोगाची माहितीही जवळजवळ नाही. हेच असे लिहिता येते: ‘येत्या १ तारखेपासून गोदाम आणि पाठवणी हे दोन विभाग एक होतील. एकच माल दोन्हीकडे मोजला जातो आणि त्यात रोज दोन तास जातात, म्हणून कामकाज प्रमुखांनी हा निर्णय घेतला आहे. कोणाचीही नोकरी जाणार नाही आणि कोणाच्याही पगारात फरक पडणार नाही. सहा जणांची पाळी बदलेल. त्यांच्याशी या आठवड्यात समक्ष बोलणे होईल. नव्या विभागाचे प्रमुख कोण, हे अजून ठरलेले नाही. ते २० तारखेपर्यंत कळवू.’ मजकूर लांबला हे खरे, पण त्यानंतर होणारी कुजबूज आखडली.

पहिल्या मजकुरातील ‘करण्यात येत आहे’ या रचनेकडे मुद्दाम लक्ष वेधतो. आपल्या कार्यालयीन मराठीला कर्ता लपवण्याची ही जी सवय जडली आहे, ती अंतर्गत संवादात फार महाग पडते. निर्णय ‘घेण्यात आला’ म्हटले की तो कोणी घेतला हा प्रश्न ओघाने येतोच, आणि ज्याचे नाव नाही त्याला काही विचारताही येत नाही. दुसरी खोड ‘आपण’ या शब्दाची. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत ही मोठी सोय आहे, आणि म्हणूनच त्यांची सरमिसळ कर्मचाऱ्यांच्या लगेच लक्षात येते. ‘या वर्षी आपण सर्वांनी काटकसर करायची आहे’ असे लिहायचे, आणि बंद होणार फक्त लाइनवरचा ओव्हरटाइम, तर वाचणारा ‘आपण’च्या जागी मनातल्या मनात ‘तुम्ही’ वाचतो. त्यापेक्षा ‘आम्ही ओव्हरटाइम तीन महिने बंद करत आहोत, त्याचा फटका तुम्हाला बसणार आहे याची जाणीव आहे, आणि वरिष्ठांचे प्रवास व भत्तेही याच काळात थांबवले आहेत’ हे कडू असले तरी सरळ आहे. प्रवास आणि भत्ते खरोखर थांबवलेले असले तरच ते लिहावे, हे वेगळे सांगायला नको.

आता परतीच्या वाटेकडे येतो. एका संस्थेत मला सूचनापेटीचे काम पाहण्यास सांगितले गेले. पेटी होती, तिच्यावर छान घोषवाक्य होते, कुलूपही होते. किल्ली मात्र कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नव्हते. शेवटी कुलूप तोडले. आत चिठ्ठ्या होत्या. त्यांतील सर्वांत जुनी चिठ्ठी ज्या पंख्याच्या आवाजाबद्दल होती, तो पंखा तोवर भंगारात गेला होता. मला अस्वस्थ केले ते वेगळ्याच गोष्टीने. वरच्या, म्हणजे अलीकडच्या चिठ्ठ्या खालच्यांपेक्षा लहान होत होत गेल्या होत्या. सुरुवातीला लोकांनी कारणासह, उपायासह, एकाने तर चित्र काढून लिहिले होते. शेवटी शेवटी नुसते एकेक वाक्य, त्यातही टोमणा. विश्वास कसा झिजतो हे त्या कागदांच्या थरांत अक्षरशः दिसत होते.

ऐकून घेण्याचे महत्त्व नवे नाही. शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील कारखान्यात १९२४ पासून सुरू झालेले प्रकाशयोजनेचे प्रयोग, म्हणजे उजेड कमीजास्त केल्याने कामावर काय परिणाम होतो हे पाहणारे, या क्षेत्रातल्या सर्वांना ठाऊक असतात, पण त्याच ठिकाणी १९२८ पासून झालेल्या मुलाखतींची आठवण कमी काढली जाते. तेथे २० हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला ठरावीक प्रश्न विचारले जात. पण माणसे विषय सोडून आपल्याला हवे तेच बोलू लागतात, असे आढळल्यावर मुलाखत घेणाऱ्यांनी प्रश्नावली बाजूला ठेवली आणि त्यांना बोलू दिले. हॉथॉर्नच्या प्रयोगांच्या पद्धतीवर नंतर पुष्कळ टीका झाली आणि ती बरीचशी रास्त आहे. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की, आपण तयार केलेल्या प्रश्नांत माणसाच्या मनातला प्रश्न असेलच असे नाही. पाच गुणांच्या पट्टीवर खूण करून घेणे म्हणजे ऐकणे नव्हे.

पण नुसते ऐकूनही भागत नाही. ऐकल्याची नोंद आणि तिचे उत्तर दिसले पाहिजे. माझ्या अनुभवात सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त फरक पडला तो एका साध्या नोंदवहीने. विभागात आलेला प्रत्येक प्रश्न किंवा सूचना तिच्यात लिहायची, विचारणाऱ्याचे नाव न लिहिता. पुढे तीन रकाने: उत्तर कोण देणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि काय उत्तर आले. वही सर्वांना दिसेल अशा जागी ठेवायची. कार्यालयात तिच्याऐवजी सामायिक तक्ता चालतो. सात कामाच्या दिवसांत पहिले उत्तर गेलेच पाहिजे, मग ते ‘यास दोन महिने लागतील’ एवढेच का असेना. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘नाही’ हेही उत्तर आहे, फक्त त्याच्यापुढे कारण लिहावे.

या शेवटच्या मुद्द्यावर वरिष्ठांचा विश्वास बसत नाही, म्हणून एक उदाहरण देतो. एका ठिकाणी रात्रपाळीचे लोक दोन वर्षे मागणी करत होते की, पाळी सुटताना मागचे फाटक उघडावे, म्हणजे वाहनतळापर्यंतचा वळसा वाचेल. त्यांना कोणी नकार दिला नव्हता आणि होकारही दिला नव्हता. विषय ‘विचाराधीन’ होता. वही सुरू झाल्यावर सुरक्षा विभागाला उत्तर द्यावे लागले: रात्री एकाच फाटकावर पुरतील एवढे पहारेकरी आहेत, दुसऱ्यासाठी दोन माणसे वाढवावी लागतील, त्याला या वर्षी मंजुरी नाही, म्हणून नाही. आम्हाला नाराजीची अपेक्षा होती. झाले असे की चौथ्या दिवशी त्या ओळीखाली कोणीतरी लिहिले, ‘मग निदान वळशाच्या रस्त्यावरचे दोन दिवे तरी लावा.’ दिवे आठवड्यात लागले. दोन वर्षांच्या मौनाने जे अडवून ठेवले होते ते एका सकारण नकाराने मोकळे केले.

अशी वही सुरू केल्यावर पहिल्या दोनतीन महिन्यांत तक्रारी वाढतील, आणि संचालकांपैकी कोणीतरी ‘आपण उगाच लोकांना उचकवले’ असे म्हणेल. त्यांच्यासाठी व्यवस्थापनाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांचे संशोधन कामाचे आहे. १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधोपचाराच्या चुकांचा अभ्यास करताना त्यांची अपेक्षा होती की, चांगल्या संघांत चुका कमी सापडतील. आकडे उलट आले. ज्या संघांचे नेतृत्व आणि आपसातले संबंध चांगले होते तेथे चुकांच्या नोंदी जास्त होत्या. तेथे चुका अधिक होत नव्हत्या, तर त्या उघडपणे सांगितल्या जात होत्या, असा उलगडा त्यांनी केला. पुढे १९९९ साली एका उत्पादक कंपनीतील ५१ संघांच्या अभ्यासातून त्यांनी मानसिक सुरक्षिततेची, म्हणजे चूक किंवा शंका बोलून दाखवली तरी आपले नुकसान होणार नाही या विश्वासाची, कल्पना मांडली. तक्रारपेटी रिकामी असणे हे समाधानाचे लक्षण समजण्यापूर्वी तिची किल्ली कोणाकडे आहे हे पाहावे.

वाईट बातमी वर जाताना प्रत्येक पायरीवर थोडी गोड होत जाते, हेही लक्षात ठेवावे लागते. याचे सर्वांत भीषण उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाची दुर्घटना. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री यानाला वर ढकलणाऱ्या घन इंधनाच्या बूस्टरांच्या जोडांमधील रबरी कड्यांविषयी, त्या थंडीत ती नीट काम करणार नाहीत अशी हरकत बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी घेतली होती. दुसऱ्या दिवशी उड्डाणास अंतिम मंजुरी देणाऱ्या वरिष्ठांपर्यंत ती हरकत पोहोचलीच नाही, असे चौकशी आयोगाला आढळले. यानातील सातही जण मृत्युमुखी पडले. आपल्या संस्थेत इतके काही पणाला लागलेले नसेल, पण गाळणी तीच असते. म्हणून विभागप्रमुखाने महिन्यातून एकदा तरी दोन पायऱ्या खालच्या सहासात जणांबरोबर, त्यांच्या थेट वरिष्ठाला आधी कल्पना देऊन, तासभर बसावे. तेथे त्याने बोलण्यापेक्षा लिहून घ्यावे, आणि ऐकलेल्या गोष्टीवरून मधल्या माणसाला दुसऱ्या दिवशी फैलावर घेऊ नये. एकदा जरी तसे झाले, तर पुढच्या महिन्यात सगळे ‘छान चाललंय साहेब’ म्हणतील.

अफवांविषयी आपण वेगळे विचारलेले नाही, पण विभाग पुनर्रचनेचा उल्लेख केला आहे म्हणून लिहितो. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली मांडले होते की, अफवेचा जोर हा विषयाचे महत्त्व आणि त्यातील संदिग्धता यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. हा गुणाकार आहे, बेरीज नव्हे, हे त्यातील मर्म. दोहोंपैकी एक शून्यावर आले तर अफवाही शून्यावर येते. नोकरी, पगार, बदली यांचे महत्त्व आपल्याला कमी करता येत नाही. संदिग्धता मात्र कमी करता येते, आणि त्यासाठी सगळे ठरलेले असण्याची गरज नसते. ‘हे ठरले आहे, हे ठरलेले नाही, आणि त्याविषयी १५ तारखेला पुन्हा बोलू’ असे सांगितले, आणि १५ तारखेला नवीन काही नसतानाही ‘अजून ठरलेले नाही’ एवढे सांगायला माणूस आला, तर लोक वाट पाहतात. ज्यांना थेट झळ बसणार आहे त्यांना इतरांच्या आधी, एकेकट्याने, त्यांच्या वरिष्ठाच्या तोंडून कळले पाहिजे. सामूहिक ईमेलमधून आपले पद गेल्याचे कळलेल्या माणसाची हकिगत उरलेले लोक वर्षानुवर्षे विसरत नाहीत.

माध्यमांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. प्रत्येक प्रकारच्या माहितीचे एकच घर ठरवावे: रजा आणि पगाराचे नियम ॲपवर, तातडीचे संदेश एसएमएस किंवा ग्रुपवर, निर्णय समक्ष आणि मग लेखी. एकच मजकूर चार ठिकाणी टाकला की तो कोठेच वाचला जात नाही. लाइनवर काम करणाऱ्याला कामाच्या वेळेत फोन पाहता येत नाही, म्हणजे तो ॲप घरी, स्वतःच्या वेळेत उघडणार, हे ॲप विकत घेताना कोणी विचारात घेतले होते का? फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संदेशांपासून मोकळे राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आला आहे. आपल्याला कायद्याची वाट न पाहताही रात्री नऊनंतर ग्रुपवर काही टाकायचे नाही, असे ठरवता येईल.

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. तिघांचे काम दोघे ओढत असतील, बढतीत वशिला चालत असेल, किंवा नव्याने आलेल्याला जुन्यापेक्षा जास्त पगार मिळत असेल, तर त्यावर संवाद हा उपाय नाही. कान यांनी सांगितलेली तिसरी अट, शक्ती शिल्लक असण्याची, वार्तापत्राने पुरी होत नाही. अशा संस्थांत मला बोलावले जाते तेव्हा ‘लोकांना नीट समजावून सांगा’ अशी अपेक्षा असते. लोकांना नीट समजलेलेच असते. अडचण तीच असते.

सर्वेक्षणाबाबत दोनच सूचना करतो. पाचपेक्षा कमी माणसांच्या गटाचे निकाल वेगळे दाखवू नयेत, कारण चौघांच्या गटात ‘निनावी’ या शब्दाला अर्थ राहत नाही. आणि हे गुण व्यवस्थापकाच्या बोनसशी जोडू नयेत. जोडले की तो संघ सुधारण्याऐवजी गुण मागत फिरतो, आणि मी असे फिरणारे व्यवस्थापक पाहिले आहेत. रोजच्या मापनासाठी सर्वेक्षणाची गरजही नसते. महिन्यातून एकदा वेगवेगळ्या विभागांतील पाच जणांना गाठून तीन प्रश्न विचारावेत: या महिन्यात तुमच्या कामात काय बदलले, का बदलले, आणि त्यात अडचण आली तर कोणाला विचाराल? पाचपैकी चौघांना ‘काय’ सांगता येते, ‘का’ला दोघे अडखळतात आणि तिसऱ्या प्रश्नाला कोणीतरी हसते. ते हसू कोणत्या विभागातून येते, हे ॲपवरच्या ‘किती जणांनी वाचले’ या आकड्यापेक्षा अधिक सांगून जाते.

आपले पुढचे सर्वेक्षण तीन महिन्यांवर आले आहे असे आपण लिहिले आहे. शक्य असल्यास ते पुढे ढकलावे. त्याआधी गेल्या वर्षीच्या उत्तरांतून वारंवार आलेले तीन विषय निवडून त्यांपैकी प्रत्येकाला लेखी उत्तर द्यावे: केले, करणार आहोत अमुक तारखेपर्यंत, किंवा करणार नाही अमुक कारणासाठी. मध्ये जो टाउन हॉल येईल त्यात वित्तीय निकालांच्या स्लाइड शेवटी ठेवाव्यात आणि आधीच ठरवून दिलेल्या ‘मैत्रीपूर्ण’ प्रश्नाने सुरुवात करण्याची प्रथा बंद करावी. पहिला प्रश्न मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनीच वाचावा: गेल्या वर्षी निम्म्या लोकांनी सर्वेक्षण भरले नाही, असे का झाले असेल? मग त्यांनी माइक खाली ठेवावा आणि शांतता कितीही लांबली तरी स्वतः उत्तर देऊ नये.